मैदानात बसून पाहिलेला झहीर खान : प्रेक्षकाची नोंदवही आणि धावफलक

नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीकडे निघालेला प्रवासी प्रवरेचा पूल ओलांडतो आणि कोल्हार येते. नदीच्या एका काठाला राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द, दुसऱ्या काठाला राहाता तालुक्यातले कोल्हार बुद्रुक. भगवती देवीच्या स्थानामुळे हे गाव कोल्हार भगवतीपूर म्हणूनही ओळखले जाते. येथून पूर्वेकडचा रस्ता बेलापूरमार्गे श्रीरामपूरला जातो, तर पश्चिमेकडचा लोणीवरून संगमनेर तालुक्यातील आश्वीकडे. ऊस आणि साखर कारखानदारी ही या टापूची जुनी ओळख. पण क्रिकेटच्या नकाशावरही त्याची खूण आहे. भारताचा डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खान ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूरला जन्मला. फलंदाज अजिंक्य रहाणे ६ जून १९८८ रोजी आश्वी खुर्दला जन्मला. म्हणजे कोल्हारच्या चौकात उभे राहिले, तर दोन्ही हातांना एकेक कसोटीपटू!

असे असूनही या परिसरातील क्रिकेटप्रेमींना आपला माणूस मैदानात बसून पाहण्याची संधी क्वचितच मिळाली. जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मैदान नाही. सामना पाहायचा तर मुंबई, पुणे किंवा नागपूर गाठायचे, तिकिटासाठी धडपडायचे आणि परतीच्या गाडीची चिंता करीत अखेरची षटके पाहायची. अशा कष्टाने पाहिलेल्या चार-दोन सामन्यांवर माणूस आपले मत बांधतो आणि ते आयुष्यभर सोडत नाही. पारावरच्या कोणत्याही वादात ‘मी स्वतः पाहिले आहे’ या वाक्यापुढे आकडेवारीचे काही चालत नाही. हे वाक्य कितपत विश्वासार्ह मानावे? झहीर खानच्या कारकिर्दीचा आढावा या प्रश्नाच्या अंगाने घेण्यासारखा आहे, कारण डोळ्यांना दिसलेले आणि धावफलकावर उरलेले यांत इतके अंतर फार थोड्या गोलंदाजांच्या वाट्याला आले आहे.

पेन्सिल घेऊन बसलेला प्रेक्षक

पाहिलेल्या सामन्यांची शिस्तीने नोंद ठेवण्याची परंपरा सर्वाधिक रुजली ती अमेरिकेतील बेसबॉलमध्ये. तेथे प्रेक्षक मैदानाच्या दाराशी गुणपत्रिका विकत घेतो आणि प्रत्येक चेंडूचा निकाल स्वतः पेन्सिलीने टिपत बसतो. क्षेत्ररक्षकांना १ ते ९ असे क्रमांक असतात. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा तो १, त्याच्यासमोर बसून चेंडू झेलणारा कॅचर २, मधल्या टप्प्यातला सीमारक्षक ८. ‘६-४-३’ एवढे तीन आकडे वाचले, की चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला आणि दोघे जण कसे बाद झाले, हे जाणकाराला वीस वर्षांनंतरही कळते.

या पद्धतीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडमधला, जन्म १८२४चा. लहानपणीच तो अमेरिकेत गेला आणि तेथे आधी क्रिकेटचा बातमीदार झाला. बेसबॉलकडे वळताना क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त त्याने सोबत नेली. १८५९मध्ये त्याने तयार केलेल्या सामन्याच्या तक्त्यातूनच पुढे बेसबॉलची सारी आकडेवारी वाढत गेली. म्हणजे हे बी क्रिकेटचेच. मात्र त्याचे रोप परक्या अंगणात जोमाने वाढले.

एका बाबतीत बेसबॉलने क्रिकेटला मागे टाकले, हे मान्य करावे लागेल. क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू सोडला, तर त्याच्या नावापुढे ‘चूक’ अशी अधिकृत नोंद होते आणि त्या चुकीमुळे झालेल्या धावा पिचरच्या सरासरीत धरल्या जात नाहीत. क्रिकेटमध्ये बाय आणि लेग-बाय गोलंदाजाच्या माथी मारत नाहीत, एवढीच सवलत. सुटलेल्या झेलाचा धावफलकावर मागमूसही नसतो. झेल सुटल्यानंतर फलंदाजाने शंभर धावा कुटल्या, तरी त्या सगळ्या गोलंदाजांच्याच खात्यात जमा! म्हणूनच क्रिकेटच्या प्रेक्षकाला स्वतःची वही लागते. धावफलक जे सांगत नाही, ते त्याने टिपायचे असते.

श्रीरामपूर ते नैरोबी

झहीरचे शालेय शिक्षण श्रीरामपुरात झाले. अभियांत्रिकीच्या शिक्षणाची वाट सोडून वयाच्या सतराव्या वर्षी तो वडिलांसोबत मुंबईत आला आणि नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांच्या नजरेखाली खेळू लागला. १९७०-७१च्या मोसमात मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार ते हेच नाईक. चेन्नईतील एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर आणि डेनिस लिली यांचे मार्गदर्शन त्याला लाभले. रणजी पदार्पण मात्र बडोद्याकडून झाले. २०००-०१च्या अंतिम सामन्यात बडोद्याने रेल्वेला २१ धावांनी हरवले. त्यात झहीरने ८ बळी घेतले आणि तोच सामनावीर ठरला.

त्याआधीच, ऑक्टोबर २०००मध्ये, नैरोबीच्या आयसीसी नॉकआउट स्पर्धेत तो भारताकडून एकदिवसीय सामने खेळू लागला होता. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याने स्टीव्ह वॉचा यॉर्करवर त्रिफळा उडवला. तो दिवस होता ७ ऑक्टोबर, त्याचा बाविसावा वाढदिवस. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशाविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केले. बांगलादेशाचीही ती पहिलीच कसोटी होती.

जोहान्सबर्गचे एक षटक

२००३च्या विश्वचषकात झहीरने ११ सामन्यांत १८ बळी घेतले. सेंच्युरियनला न्यूझीलंडविरुद्ध पहिल्याच षटकात लागोपाठच्या चेंडूंवर दोन बळी घेत त्याने ४२ धावांत ४ गडी बाद केले. पण ही स्पर्धा आठवताना लोकांच्या डोळ्यांसमोर येते ते २३ मार्चच्या अंतिम सामन्यातले त्याचे पहिले षटक. नाणेफेक जिंकून भारताने क्षेत्ररक्षण स्वीकारले होते. त्या षटकात १५ धावा गेल्या. त्यात नो-बॉल आणि वाइड यांचाही वाटा होता. दिवसअखेर त्याचे पृथक्करण होते ७-०-६७-०. ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ धावा केल्या आणि सामना १२५ धावांनी जिंकला.

चोवीस वर्षांचा तरुण, अंतिम सामन्याचे दडपण आणि अंगावर येणारी भावनेची लाट. त्या षटकाचा अर्थ एवढाच होता. परंतु पुढची आठ वर्षे ते षटक त्याच्या पाठीवर राहिले. एखाद्याने त्या स्पर्धेतला हा एकच सामना पाहिला असेल, तर त्याच्या वहीत झहीर हा नापास गोलंदाज. आधीच्या दहा सामन्यांतले १८ बळी त्या वहीत नसतात.

वानखेडे, २ एप्रिल २०११

आठ वर्षांनी अंतिम सामना मुंबईत झाला, तोही वानखेडेवर. खेळपट्टी तयार करण्याची जबाबदारी होती सुधीर नाईक यांच्यावर. श्रीरामपूरहून आलेल्या ज्या मुलाला त्यांनी क्लबमध्ये घेतले, त्याच्याच विश्वचषक अंतिम सामन्याची खेळपट्टी त्यांच्या देखरेखीखाली झाली. योगायोग म्हणतात तो असा!

श्रीलंकेची फलंदाजी सुरू झाली आणि झहीरने पहिल्या टप्प्यात ५ षटके टाकली. त्यांतली ३ निर्धाव, धावा अवघ्या ६ आणि बळी १. उपुल थरंगाने २० चेंडूंत २ धावा केल्या आणि स्लिपमध्ये वीरेंद्र सेहवागच्या हाती झेल दिला. जोहान्सबर्गच्या पंधरा धावांच्या षटकाला याहून चोख उत्तर कोणते असणार? पण डावाच्या शेवटी चित्र बदलले. महेला जयवर्धने नाबाद शतकाकडे निघालेला, फलंदाजीचा पॉवरप्ले सुरू आणि समोर तिसारा परेराचे मोकळे फटके. झहीरच्या उरलेल्या ५ षटकांत ५४ धावा गेल्या. त्यांतल्या ३५ केवळ अखेरच्या २ षटकांतल्या.

धावफलकावर नोंद राहिली १०-३-६०-२. अनोळखी माणसाने ती वाचली, तर साधारण कामगिरी म्हणून तो पान उलटेल. वास्तविक पाहता ते एक पृथक्करण नसून दोन आहेत. ५-३-६-१ आणि ५-०-५४-१ ही वेगवेगळ्या परिस्थितीत, वेगवेगळ्या चेंडूने केलेली दोन कामे आहेत. पहिल्या कामाने श्रीलंकेची सुरुवात रोखली. दुसऱ्या कामात कोणत्याही गोलंदाजाला मार बसला असता. श्रीलंका ६ बाद २७४वर थांबली आणि भारताने ६ गडी राखून विश्वचषक जिंकला. झहीरचे स्पर्धेत २१ बळी झाले. शाहिद आफ्रिदीसह तो सर्वाधिक बळी घेणारा ठरला. २००३चे १८, २००७चे ५ आणि २०११चे २१ मिळून विश्वचषकात त्याचे ४४ बळी झाले. त्या वेळी जवागल श्रीनाथच्या भारतीय विक्रमाशी ही बरोबरी होती. पुढे मोहम्मद शमी दोघांच्याही पुढे गेला.

नकलचे मूळ

याच स्पर्धेत झहीरने एक अस्त्र वारंवार वापरले. हा ‘नकल बॉल’ बेसबॉलमधून आलेला. बोटांची पेरे किंवा टोके चेंडूवर टेकवून तो सोडतात, त्यामुळे चेंडूला फिरकी जवळजवळ मिळत नाही. बेसबॉलमध्ये असा चेंडू हवेत हेलकावे खातो. तो कोठे जाईल याचा अंदाज फटका मारणाऱ्याला तर येत नाहीच, कॅचरलाही येत नाही. आर. ए. डिकी या पिचरने त्याच्या बळावर २०१२मध्ये साय यंग पुरस्कार मिळवला. क्रिकेटमध्ये त्याचा उपयोग प्रामुख्याने वेग घटवण्यासाठी होतो. हाताचा वेग नेहमीचाच राहतो, चेंडू मात्र उशिरा पोहोचतो. चेन्नईत वेस्ट इंडीजविरुद्ध ८१ धावांवर जम बसवलेल्या डेव्हन स्मिथचा त्रिफळा झहीरने याच चेंडूवर उडवला आणि त्यानंतर तो डाव कोसळला. बेंगळुरूला इंग्लंडविरुद्ध ३३८ धावांचा पाठलाग इंग्लंडच्या आवाक्यात आला असताना त्याने इयन बेल आणि १५८ धावा काढलेला अँड्र्यू स्ट्रॉस यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले. तो सामना बरोबरीत सुटला. एरवी तो हातून गेलाच होता.

घरच्यांनी न पाहिलेला झहीर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झहीरने ९२ कसोटींत ३११ बळी घेतले, सरासरी ३२.९४. कसोटीत तीनशे बळींचा टप्पा गाठणारा तो पहिला भारतीय डावखुरा वेगवान गोलंदाज. या बळींची फोड केली, तर भारतातील ३८ कसोटींत १०४ आणि परदेशातील ५४ कसोटींत २०७ बळी दिसतात. घरची सरासरी ३५.८७, बाहेरची ३१.४७. म्हणजे त्याच्या कसोटीतील यशाचा दोन-तृतीयांश भाग भारताबाहेरच्या मैदानांवर घडला. कोल्हार किंवा श्रीरामपूरहून मुंबई गाठणाऱ्या चाहत्याला जो झहीर दिसला, तो बहुतेकदा फिरकीच्या खेळपट्टीवर नवा चेंडू थोडा वेळ वापरून बाजूला होणारा झहीर होता.

अपवाद होते. डिसेंबर २००९मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर १९७३नंतर प्रथमच कसोटी झाली. वीरेंद्र सेहवागच्या २९३ धावांनी तो सामना गाजला आणि प्रेक्षक तीच आठवण घेऊन घरी गेले. पण श्रीलंकेच्या दुसऱ्या डावात ७२ धावांत ५ बळी घेऊन विजयाचा रस्ता मोकळा केला तो झहीरने. भारत एक डाव व २४ धावांनी जिंकला आणि कसोटी क्रमवारीत प्रथमच अव्वल स्थानी पोहोचला.

परदेशातली यादी बरीच लांब आहे. २००६च्या मोसमात, भारतीय संघाबाहेर असताना, तो इंग्लिश कौंटी वूस्टरशायरकडून खेळला आणि १६ सामन्यांत ७८ बळी घेऊन परतला. धाव छोटी झाली, शक्ती वाचली, अराउंड द विकेट येऊन डावखुऱ्या फलंदाजांना छळण्याची कला पक्की झाली. वर्षभरात त्याचे फळ दिसले. जुलै २००७मध्ये ट्रेंट ब्रिजवर ५९ धावांत ४ आणि ७५ धावांत ५ बळी घेऊन त्याने भारताला ७ गड्यांनी विजय मिळवून दिला. त्या एका विजयावर भारताने १९८६नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. ‘विस्डेन’ने २००८च्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्याची निवड केली.

त्याचे मोल त्याच्या गैरहजेरीतही मोजता येते. डिसेंबर २०१०मध्ये सेंच्युरियनला तो दुखापतीमुळे खेळला नाही. दक्षिण आफ्रिकेने ४ बाद ६२० धावांवर डाव घोषित केला आणि भारत डावाने हरला. पुढच्याच कसोटीत, डर्बनला, तो परतला आणि दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले. दक्षिण आफ्रिका १३१ आणि २१५मध्ये गुंडाळली गेली, भारत ८७ धावांनी जिंकला. जुलै २०११मध्ये लॉर्ड्सवर १३.३ षटकांत १८ धावा देऊन दोन्ही सलामीवीरांना बाद केल्यावर मांडीच्या स्नायूने दगा दिला आणि तो मैदानाबाहेर गेला. ती मालिका भारताने ०-४ अशी गमावली. या पराभवांना इतरही कारणे होती, हे खरेच. पण संघात नसलेल्या माणसासाठी धावफलकावर ओळच नसते.

वेलिंग्टनला भेटलेले दोन शेजारी

फेब्रुवारी २०१४ची वेलिंग्टन कसोटी क्रिकेटविश्वात ब्रेंडन मॅकलमच्या ३०२ धावांसाठी ओळखली जाते. प्रवराकाठच्या माणसाने मात्र ती वेगळ्या कारणासाठी जपून ठेवावी. याच सामन्यात अजिंक्य रहाणेने ११८ धावा करून आपले पहिले कसोटी शतक झळकावले आणि झहीर खान आपला अखेरचा कसोटी सामना खेळला. आश्वीची सुरुवात आणि श्रीरामपूरचा शेवट एकाच धावफलकावर आहेत.

न्यूझीलंडची दुसऱ्या डावात ५ बाद ९४ अशी अवस्था होती. मॅकलम ९ धावांवर असताना शमीच्या गोलंदाजीवर त्याचा झेल विराट कोहलीच्या हातून सुटला. पुढे सहाव्या गड्यासाठी ३५२ धावांची भागी झाली, डाव ८ बाद ६८०वर घोषित झाला आणि हातातला सामना अनिर्णित राहिला. पस्तिशी ओलांडलेल्या झहीरने त्या डावात ५१ षटके टाकली. १७० धावांत ५ बळी ही त्याची नोंद. मॅकलमलाही अखेर त्यानेच यष्टीमागे झेलबाद केले. बेसबॉलच्या हिशेबाने पाहिले, तर सुटलेल्या झेलानंतरच्या धावा वेगळ्या खात्यात गेल्या असत्या. क्रिकेटने त्या गोलंदाजांच्याच खात्यात लिहिल्या.

प्रेक्षकाने काय टिपावे?

आवडत्या खेळाडूचे सामने मैदानात जाऊन पाहणाऱ्यांसाठी या साऱ्या उदाहरणांतून काही सूत्रे निघतात.

१. जागा लिहावी. गोलंदाजाच्या मागच्या बाजूला बसलेल्याला स्विंग दिसतो. खेळपट्टीच्या आडव्या बाजूला बसलेल्याला तो दिसत नाही, पण चेंडूचा टप्पा, उसळी आणि यष्टिरक्षक किती मागे उभा आहे, हे चांगले कळते. दूरचित्रवाणीवर न दिसणारी क्षेत्ररचना मैदानात पूर्ण दिसते. आपल्याला काय दिसू शकत होते, हे ठाऊक असले की मताला मर्यादा येते.

२. टप्पे वेगळे मांडावेत. नवा चेंडू, मधली षटके आणि अखेरची षटके यांचे पृथक्करण स्वतंत्र लिहावे. वानखेडेवरचे १०-३-६०-२ कसे फसवते, ते आपण पाहिले.

३. सुटलेले झेल, हुकलेले धावबाद आणि त्यानंतर त्या फलंदाजाने केलेल्या धावा लिहाव्यात.

४. समोर कोण होते, ते लिहावे. शेपटाचे तीन बळी आणि जम बसलेल्या शतकवीराचा एक बळी यांचे वजन सारखे नसते.

५. न पाहिलेल्या सामन्यांसाठी एक पान कोरे ठेवावे आणि तेथे धावफलक चिकटवावेत. आपण पाहिलेले सामने म्हणजे खेळाडूच्या कारकिर्दीतली मूठभर पाने, याची आठवण ते पान देत राहते.

झहीरने १५ ऑक्टोबर २०१५ रोजी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. २०० एकदिवसीय सामन्यांत त्याचे २८२ बळी आहेत. २०११मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२०मध्ये पद्मश्री. ज्याने ढाक्यात २००४मध्ये अकराव्या क्रमांकावर येऊन सचिन तेंडुलकरच्या साथीने ७५ धावा काढल्या आणि त्या क्रमांकाचा तेव्हाचा कसोटी विक्रम केला, तो हाच झहीर. हा सामनाही नगर जिल्ह्यातल्या फार थोड्यांनी मैदानात बसून पाहिला असेल.

‘मी स्वतः पाहिले आहे’ हे वाक्य खोटे नाही. ते अपुरे आहे. गावाकडचा माणूस आपल्या माणसाचे कौतुक करतो तसाच त्याच्यावर रागावतोही, आणि दोन्ही वेळा आधार असतो तो एखाद्या दुपारच्या आठवणीचा. जोहान्सबर्गच्या त्या षटकावर आठ वर्षे बोलणाऱ्यांनी वानखेडेवरच्या पहिल्या पाच षटकांचीही तेवढीच आठवण ठेवली, तर श्रीरामपूरच्या या गोलंदाजाच्या पदरी न्याय पडेल.